दुसरे कोण? : शहरातील जोड्या, जुळी आणि छायाचित्राची तौलनिक दृष्टी

१

शहरात फिरता फिरता जोड्या टिपणे हा छायाचित्रणातील एक हौशी प्रकार मानला जातो. एकाच बाकावर एकाच ढबीने बसलेले दोन वृद्ध, भिंतीला टेकवून ठेवलेल्या दोन सारख्या सायकली, रस्त्याच्या दोन बाजूंना असलेली एकाच नावाची दोन दुकाने, साचलेल्या पाण्यात उलटा पडलेला दिव्याचा खांब असे काही दिसले की असा छायाचित्रकार थांबतो. त्याच्या संग्रहाकडे पाहणारा प्रथम हसतो, मग चित्रे चाळतो आणि बहुधा तेथेच थांबतो. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला मात्र तेथे थांबता येणार नाही. दोन वस्तू एका चौकटीत आणणे किंवा दोन चौकटी शेजारी शेजारी मांडणे ही तुलनेची मूळ क्रिया आहे. शब्दांतून तुलना करणाऱ्याच्या हाताशी 'प्रमाणे', 'जसे-तसे', 'याउलट' अशी साधने असतात. छायाचित्राजवळ यांपैकी एकही नसते. त्याच्याजवळ असते ते केवळ सान्निध्य. म्हणून तुलना या व्यापाराचे मूळ स्वरूप, त्यातील सामर्थ्य आणि त्यातील धोका हे तिन्ही जोडीच्या छायाचित्रात अधिक उघडपणे दिसतात.

या विवेचनासाठी म्हैसूर शहर आणि त्याच्या वायव्येस असलेला हूटगळ्ळी हा औद्योगिक-निवासी भाग निवडण्यास कारण आहे. म्हैसूरच्या वडियार घराण्याचे राजचिन्ह गंडभेरुंड, म्हणजे एका धडाला दोन मस्तके असलेला पक्षी. कर्नाटक राज्याच्या मुद्रेवरही तोच पक्षी आहे. दोन मस्तके विरुद्ध दिशांना पाहतात आणि धड एकच असते. जोडी ही एकाच वस्तूची दोन रूपे की दोन वस्तूंचा एक संबंध, हा प्रश्न या शहराने आपल्या मुद्रेवरच कोरून ठेवला आहे. शिवाय १९६९ मध्ये स्थापन झालेले भारतीय भाषा संस्थान याच शहरात असल्याने, भाषांना भाषांशेजारी ठेवून पाहण्याच्या कामाशी म्हैसूरचे नाव गेली अनेक दशके जोडलेले आहे.

२

छायाचित्रांकडे वळण्यापूर्वी भाषेने दोनपणाची कोणती वर्गवारी केली आहे ते पाहणे उपयुक्त ठरेल. संस्कृतातील द्विवचन प्राकृतांच्या काळातच लोपले, त्यामुळे मराठी व्याकरणात ते नाही. परंतु व्याकरणाने सोडलेले काम शब्दसंग्रहाने सांभाळले. 'जोडी' या शब्दात साम्याची अट नाही. पाटा आणि वरवंटा यांची जोडी असते, कारण एकावाचून दुसरे निरुपयोगी असते. ते जुळे मात्र नसतात. 'जुळे' म्हटले की साम्याची अपेक्षा आली आणि त्याबरोबर समान जन्मही आला. 'प्रतिबिंब' या शब्दात साम्य असते, पण दुसऱ्याला स्वतंत्र अस्तित्व नसते. 'तोतया' या शब्दात साम्य असते, जन्म वेगळा असतो आणि त्याखेरीज एक दावाही असतो. पानिपतच्या १७६१ च्या संग्रामानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून पुढे आलेल्या माणसाने पेशवाईला जो पेच घातला, त्यावर न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. त्या पेचाचे स्वरूप राजकीय आहे तसेच ज्ञानशास्त्रीयही आहे. मूळ समोर नसताना नक्कल कशाच्या आधारे ओळखायची?

याखेरीज मराठीत दोन शब्द असे आहेत की ज्यांत दोनपणाचे मूल्यमापन दडलेले आहे. 'दुजाभाव' म्हणजे दुसरे मानणे; परंतु व्यवहारात त्याचा अर्थ पक्षपात असा होतो. दुसरे म्हटले की कमी मानले, असा हा अर्थप्रवास आहे. फार्सीतून आलेल्या 'दुय्यम' या शब्दानेही तोच प्रवास केला. याच भाषेत ज्ञानेश्वरांचा 'अमृतानुभव' शिवशक्तीच्या जोडप्यापासून आरंभ करतो आणि त्या दोघांत पहिले-दुसरे ठरवणे कसे अशक्य आहे हे दाखवतो. म्हणजे जोडीत उतरंड पाहणारी आणि जोडीतील उतरंड नाकारणारी अशा दोन्ही दृष्टी मराठीने जवळ बाळगल्या आहेत.

कन्नडमध्ये जुळ्यांना 'अवळी-जवळी' म्हणतात आणि हुबळी-धारवाडला 'अवळी नगर' हे विशेषण लावले जाते. मराठीतील जुना 'जावळे' हा शब्द त्याच्या शेजारी ठेवला की दोहोंचे संस्कृत 'यमल' शब्दाशी असलेले नाते ऐकू येते. जुळ्यांसाठीचे हे दोन शब्द स्वतःच जुळे आहेत. ते दोन भाषाकुलांच्या घरी वाढले, इतकेच.

३

जोडी आणि छायाचित्र यांचा संबंध छंदापुरता नाही. तो या कलेच्या तंत्रातच आहे. डागेरचे १८३९ मध्ये जाहीर झालेले तंत्र एकच एक पट्टिका देत असे. टॅल्बटने त्यानंतर विकसित केलेल्या पद्धतीत आधी उलट छायाप्रकाशाची निगेटिव्ह तयार होई आणि तीवरून हव्या तितक्या प्रती निघत. पुढील दीड शतक छायाचित्रणाने टॅल्बटचाच मार्ग धरला. या काळातील जवळजवळ प्रत्येक छायाचित्राला एक काळे जुळे होते, जे सहसा कोणी पाहत नसे.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे साधन म्हणजे स्टिरिओस्कोप. चार्ल्स व्हीटस्टनने त्याचे तत्त्व १८३८ मध्ये, म्हणजे छायाचित्रणाची जाहीर घोषणा होण्यापूर्वीच मांडले होते. डेव्हिड ब्रूस्टरच्या भिंगयुक्त आवृत्तीमुळे आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनानंतर ते घरोघरी पोहोचले. भारतातील नगरांची, घाटांची, मंदिरांची अशी दुहेरी चित्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी मोठ्या प्रमाणावर विकली गेली. या साधनाचे तत्त्व सोपे आहे. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असते, म्हणून प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळे दृश्य दिसते. तेवढ्याच अंतराने घेतलेली दोन चित्रे दोन डोळ्यांना स्वतंत्रपणे दाखवली की मेंदू त्यांतून खोली उभी करतो. एकाच चित्राच्या दोन तंतोतंत प्रती तेथे ठेवल्या तर मात्र दृश्य सपाटच राहते.

खोली साम्यातून निर्माण होत नाही. साम्याच्या पोटातील फरकातून ती निर्माण होते. फरक फार मोठा असेल तर दोन चित्रे एकवटतच नाहीत आणि डोळ्यांना केवळ त्रास होतो. फरक शून्य असेल तर एका चित्रापेक्षा अधिक काहीच मिळत नाही. जोडीच्या छायाचित्राचे मूल्य ठरवण्यासाठी याहून चांगली कसोटी शोधण्याची गरज नाही. तौलनिक अभ्यासालाही ती तितकीच लागू आहे.

जुळ्यांची दोन प्रसिद्ध छायाचित्रणे या कसोटीवर तपासता येतात. अमेरिकेतील डायॅन आर्बसने न्यू जर्सीतील रोझेल येथे टिपलेल्या दोन जुळ्या मुली एकसारख्या गडद पोशाखात, खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत. पाहणाऱ्याची नजर काही क्षणांनी दोघींच्या ओठांवर स्थिरावते. एकीच्या चेहऱ्यावर पुसट स्मित आहे, दुसरीच्या चेहऱ्यावर किंचित नाराजी आहे. चित्रातील अस्वस्थता या फरकातून येते. साम्याने जे वचन दिले ते फरकाने मोडले, असे तेथे जाणवते. मुंबईच्या छायाचित्रकार केतकी शेठ यांच्या 'ट्विनस्पॉटिंग' (१९९९) या पुस्तकाची दृष्टी निराळी आहे. त्यांनी ब्रिटन आणि भारत येथील पटेल आडनावाची जुळी टिपली. तेथे प्रत्येक चित्रात एक जोडी आहे. पण संपूर्ण पुस्तक ही त्याहून मोठी जोडी आहे. एकच आडनाव दोन भूमींवर कसे वाढते, हे त्यातून दिसते. आर्बसच्या चित्रात फरक दोन व्यक्तींत आहे आणि शेठ यांच्या पुस्तकात तो दोन देशांत आहे. पहिल्यात जुळेपण कुतूहलाचा विषय होते, तर दुसऱ्यात ते स्थलांतराचा इतिहास वाचण्याचे साधन होते.

४

शहरातील जोड्यांकडे वळताना 'आपले शहर' या शब्दांतील 'आपले' या विशेषणाचा विचार प्रथम केला पाहिजे. जोडी दिसण्यासाठी दुसरी वस्तू पाहताना पहिली आठवावी लागते. दोन्ही एका दृष्टिक्षेपात असतील तर प्रवाशालाही जोडी दिसते. सेंट फिलोमिना चर्चचे १७५ फुटी दोन मनोरे त्याला चुकवता येणार नाहीत. परंतु जोडीचे घटक जेव्हा शहराच्या दोन भागांत किंवा दोन काळांत विखुरलेले असतात तेव्हा ती जोडी केवळ रहिवाशालाच दिसते. प्रवासी एकेक स्थळ पाहतो आणि रहिवासी संबंध पाहतो. त्या अर्थाने युग्मांचे छायाचित्रण ही मूलतः रहिवाशाची कला आहे.

म्हैसूरमधील दोन घड्याळमनोऱ्यांचे उदाहरण येथे बोलके आहे. देवराज बाजाराजवळील मनोरा लॉर्ड डफरिनच्या स्मरणार्थ उभारला गेला, तर राजवाड्याजवळील मनोरा कृष्णराज वडियार चौथे यांच्या राज्यकारभाराच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९२७ मध्ये. गावाने मात्र ही दोन्ही औपचारिक नावे बाजूला ठेवली आणि त्यांना 'चिक्क गडियार' व 'दोड्ड गडियार', म्हणजे धाकटे घड्याळ आणि थोरले घड्याळ असे म्हटले. व्हाइसरॉय आणि महाराज दोघेही नावांतून गळाले आणि उरला तो केवळ परस्परसंबंध. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वयाने धाकटे घड्याळच थोरले आहे. शेजारी मोठे उभे राहीपर्यंत त्याला 'धाकटे' म्हणण्याचे काही कारण नव्हते. दुसऱ्याने येऊन पहिल्याचे नाव बदलले. वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला हा व्यवहार परिचित आहे. मर्ढेकरांपासून 'नवकाव्य' हा शब्द रूढ होऊ लागला, तेव्हा तोपर्यंत नुसतीच कविता असलेली कविता 'जुनी' ठरली. जोडीत काळाने नंतर येणारा घटक आधीच्याचे वाचन बदलतो. प्रभावाच्या अभ्यासात आधीच्याकडून नंतरच्याकडे जाणारा एकच बाण काढण्याची सवय असते. दोन घड्याळांची दोन छायाचित्रे शेजारी ठेवली तर त्या बाणाला उलट दिशाही असते हे उमगते.

रहिवाशाच्या या दृष्टीची परंपरा म्हैसूरला आहे. टी. एस. सत्यन (१९२३-२००९) हे याच शहरातून घडलेले छायापत्रकार. त्यांचे धाकटे बंधू टी. एस. नागराजन यांनीही छायाचित्रणच पत्करले. सत्यन यांच्या कॅमेऱ्याने रस्ता, बाजार, शाळकरी मुले, श्रम करणारी माणसे हे उघड्यावरचे जीवन अधिक पाहिले. नागराजन यांनी पुढील काळात भारतातील जुन्या घरांची अंतरंगे, तेथील चौक, खांब आणि झरोक्यांतून उतरणारा उजेड टिपण्याचे काम दीर्घकाळ केले. एका घरातील दोन भावांनी एकच माध्यम हाती घेऊन घराचे बाहेर आणि घराचे आत वाटून घेतले, असे या दोन कार्यांकडे एकत्र पाहिल्यावर वाटते. या जोडीत कोण श्रेष्ठ हा प्रश्न निष्फळ आहे. उंबऱ्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन्ही जग त्यांच्या चित्रांत एकत्र पाहता येते, हे महत्त्वाचे.

५

म्हैसूरमधील पुष्कळ जोड्यांचे वैशिष्ट्य असे की त्यांतील एक घटक शहरात नाही. १९३३ मध्ये पायाभरणी झालेल्या सेंट फिलोमिना चर्चला जर्मनीतील कोलोनच्या कॅथेड्रलची आठवण आहे. मुंबईचे वास्तुविशारद ई. डब्ल्यू. फ्रिचली यांनी आखलेला ललितमहाल लंडनच्या सेंट पॉलच्या घुमटाकडे पाहून उभा राहिला. अंबाविलास राजवाडा हा तर १८९७ च्या आगीत भस्मसात झालेल्या लाकडी राजवाड्याच्या जागी हेन्री अर्विनच्या आराखड्यानुसार उभा राहिला आणि १९१२ मध्ये पूर्ण झाला. त्याचे जुळे दुसऱ्या देशात नसून दुसऱ्या काळात आहे. अशा वास्तूचे छायाचित्र एकेरी दिसते, पण माहीतगार वाचकाला ते अर्धेच चित्र वाटते. येथे जोडी छायाचित्रकाराने जुळवायची नसते. ती वाचकाच्या स्मृतीने पुरी करायची असते.

या अनुपस्थित जुळ्याचा उपद्रव कसा होतो याचे सर्वांत मार्मिक उदाहरण म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील एका मराठी चित्रकाराचे आहे. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२-१९६८) यांनी १९४५-४६ च्या सुमारास आपली कन्या गीता हिला हाती दिवा देऊन उभे केले आणि जलरंगात तिचे चित्र केले. ज्योतीसमोर धरलेल्या बोटांच्या कडा लाल होतात, चेहरा खालून उजळतो, उरलेली आकृती अंधारात विरत जाते. अंधाऱ्या खोलीत ठेवलेल्या या चित्रासमोर प्रेक्षक थबकतात आणि दिवा खरोखरच तेवतो आहे असे एकमेकांना सांगतात. त्यांतील अनेकजण हे चित्र राजा रविवर्म्याचे आहे असेही सांगतात. रविवर्म्याचे निधन १९०६ मध्येच झाले होते ही अडचण त्यांना जाणवत नाही. त्याच संग्रहात रविवर्म्याची चित्रे आहेत, भारतीय स्त्रीचे वास्तवदर्शी चित्र म्हटले की त्याचेच नाव ओठांवर येते, म्हणून हळदणकरांचे नाव पुसले जाते. गीता उपळेकर यांचे २०१८ मध्ये शंभरी ओलांडून कोल्हापुरात निधन झाले तेव्हा वृत्तपत्रांनी वृद्ध गीताबाई आणि चित्रातील तरुणी यांना पुन्हा शेजारी आणले. एकाच व्यक्तीची ती जोडी पाहताना चित्रकाराचे नाव निदान काही दिवस तरी योग्य जागी परतले.

येथे खरा पेच दिसतो. हळदणकर रविवर्म्याचे तोतया नव्हते. त्यांनी कोणताही दावा केला नाही. त्यांना तोतया केले ते पाहणाऱ्याच्या सवयीने. प्रसिद्ध नावाशेजारी ठेवलेले अप्रसिद्ध नाव प्रसिद्धाचे प्रतिबिंब मानले जाते आणि मग प्रतिबिंबाला स्वतंत्र नाव कशाला, असा तो अलिखित तर्क असतो. जोडी लावण्याची क्रिया निरागस नसते, ती अशी.

६

दुसऱ्याला बोलू दिले तर काय होते? भारतीय दृश्यकलेने आणि नाटकाने या प्रश्नाला काही उत्तरे दिली आहेत. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे येण्यापूर्वी छायाचित्रकार होते आणि रविवर्म्याच्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केले होते. त्यांच्या 'लंकादहन' (१९१७) मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. मिथकातील आदर्श जोडपे पडद्यावर एकाच नटाच्या देहातून उभे राहिले. शिवशक्तीच्या ऐक्याचा तात्त्विक विचार असलेल्या संस्कृतीत ही घटना निव्वळ नटांच्या टंचाईतून घडली असेल, पण तिचा अर्थ टंचाईपुरता उरत नाही. पुढे 'दुहेरी भूमिका' हा भारतीय चित्रपटाचा स्थायी अलंकार झाला आणि तो गावोगावच्या फोटो स्टुडिओंत उतरला. ख्रिस्तोफर पिनी यांनी 'कॅमेरा इंडिका' (१९९७) मध्ये मध्य प्रदेशातील नागदा येथील स्टुडिओ-छायाचित्रांचा अभ्यास केला. एकच माणूस एका चौकटीत दोनदा अवतरतो, अशी चित्रे तेथील ग्राहक हौसेने काढून घेत. छायाचित्राने आपली एकमेव ओळख पक्की करावी ही ओळखपत्राची अपेक्षा. आपण एकाहून अधिक असू शकतो हे सिद्ध करावे ही या ग्राहकांची अपेक्षा.

बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांनी क्लेअर आर्नी यांच्यासह केलेल्या 'नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया' (२०००-२००४) या छायाचित्रमालेत हा खेळ जाणीवपूर्वक चिकित्सेच्या पातळीवर नेला आहे. रविवर्म्याची चांदण्यातील स्त्री, लक्ष्मीची छापील प्रतिमा, वंशशास्त्रज्ञांनी मोजपट्टीच्या चौकटीपुढे उभी केलेली आदिवासी स्त्री या सर्वांच्या जागी पुष्पमाला स्वतः उभ्या राहतात. मूळ प्रतिमा आणि तिची नक्कल यांत राहिलेला बारीक फरक, पोशाखाचा कृत्रिमपणा, पडद्याची घडी, नजरेतील जाण, हाच त्या चित्रांचा आशय होतो. नक्कल इतकी जवळ जाते की मूळच एक रचलेले सोंग होते हे उघड होते.

गिरीश कर्नाडांच्या नाटकांत दुसऱ्याचा हा प्रश्न भाषेपर्यंत येतो. माथेरानला जन्मलेले कर्नाड कन्नडमध्ये लिहीत आणि मराठी रंगभूमीशी त्यांचे निकटचे नाते होते. 'हयवदन'मध्ये दोन मित्रांची मस्तके बदलतात आणि पद्मिनीपुढे, मस्तकाने ओळखायचे की देहाने, हा प्रश्न उभा राहतो. मराठीत विजया मेहता यांच्या प्रयोगाने हे नाटक पोहोचले. 'ओडकलु बिंब' या एकपात्री नाटकातील कन्नड लेखिका इंग्रजी कादंबरीमुळे जगप्रसिद्ध झाली आहे. दूरदर्शन-स्टुडिओत भाषण संपवून ती निघते तेव्हा पडद्यावरील तिची प्रतिमा तिला थांबवते आणि उलटतपासणी घेऊ लागते. कादंबरी तिच्या अपंग बहिणीने लिहिली होती, हे हळूहळू बाहेर येते. येथे तीन जोड्या एकमेकींत गुंतल्या आहेत: लेखिका आणि प्रतिमा, थोरली आणि धाकटी, कन्नड आणि इंग्रजी. प्रत्येक जोडीत जी दुय्यम समजली गेली तिच्याकडेच सत्य आहे. प्रतिबिंबाने मूळ वस्तूला जाब विचारणे हे या नाटकाचे केंद्र आहे.

७

या पार्श्वभूमीवर हूटगळ्ळीकडे पाहता येते. म्हैसूरच्या पोस्टकार्डांवर हूटगळ्ळी नाही. हुणसूर रस्त्याच्या अंगाने वाढलेला हा भाग कारखान्यांचा, कामगारांचा आणि वसाहतींचा आहे. त्याच्या आसपासची नावे कूर्गळ्ळी, मेटगळ्ळी अशी एकमेकांशी यमक जुळवतात. मराठी वाचकाला त्यांत 'गल्ली' ऐकू येते आणि येथेच त्याची पहिली फसगत होते. या नावांचा शेवट गावासाठी असलेल्या कन्नड 'हळ्ळी' या शब्दाशी जोडलेला आहे. शहराने ज्या जागेला आपल्या टोकाची गल्ली समजावे, तिचे नाव मात्र ती मुळात स्वतंत्र गाव होती असे सांगत राहते. दोन भाषांतील ध्वनींचे साम्य हे असे तोतयाचे साम्य असू शकते, याचे भान तौलनिक अभ्यासकाला ठेवावे लागते.

जुन्या म्हैसूरमध्ये जोड्या सापडतात. हूटगळ्ळीत पुनरावृत्ती सापडते. एका मापाचे कारखान्यांचे छप्पर, एका आकाराचे भूखंड, कर्नाटक गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीतील एका आराखड्याची घरे. छायाचित्रकाराला येथे प्रथम निराशा येते, कारण सगळेच सारखे असेल तर जोडी कशी निवडायची? परंतु स्टिरिओस्कोपचे तत्त्व येथेच कामी येते. एका आराखड्यातून जन्मलेली दोन घरे जन्मतः जुळी असतात आणि राहणाऱ्यांच्या हातांनी दिवसेंदिवस वेगळी होत जातात. एकाने पुढची खोली वाढवून तिथे दुकान थाटलेले असते, शेजारच्याने अंगणात फरशी घातलेली असते. एकाच्या गच्चीवर मजला चढतो, दुसऱ्याच्या गच्चीवर अजून सळ्या आकाशाकडे पाहत असतात. एका दारात पहाटे रांगोळी पडते आणि दुसऱ्या दारात रात्रपाळीहून आलेल्याची दुचाकी उभी असते. या दोन घरांचे शेजारी ठेवलेले चित्र म्हणजे दोन कुटुंबांच्या मिळकतीचा, कर्जाचा, मुलांच्या शिक्षणाचा आणि हौसेचा न लिहिलेला इतिहास असतो. राजवाड्याच्या चित्रात काळ थांबलेला दिसतो, येथे तो चालताना दिसतो. ज्या जागेला शहराने दुय्यम मानले, तिथेच छायाचित्रातील जोडी आपले खरे काम करते.

या भागाजवळच, हेब्बाळ औद्योगिक क्षेत्रात, इन्फोसिसच्या प्रशिक्षण संकुलात ग्रीक-रोमन धाटणीच्या स्तंभांची भव्य वास्तू आहे. तिला कोलोनचे चर्च आणि सेंट पॉलचा घुमट यांच्या ओळीत बसवणे सोपे आहे आणि अनेकजण ती थट्टेने तशी बसवतातही. मात्र ललितमहालाकडे आदराने आणि या स्तंभांकडे थट्टेने पाहणाऱ्याने दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. दोन्ही वास्तू दूरच्या मूळाची आठवण वागवतात. पहिली राजाने बांधली म्हणून ती वारसा ठरली, दुसरी उद्योगाने बांधली म्हणून नक्कल ठरली. जोडीच्या छायाचित्राने पाहणाऱ्याचा दुजाभाव उघडा पडतो, तो असा.

या भागातील तिसरी आणि सर्वत्र आढळणारी जोडी म्हणजे दुकानाच्या पाट्या. जवळजवळ प्रत्येक पाटीवर कन्नड आणि रोमी अशा दोन लिपी असतात. त्यांतील मूळ कोणते आणि भाषांतर कोणते, हे पाटी सांगत नाही. कायदा मात्र ठरवू पाहतो. २०२४ मध्ये कर्नाटकाने पाट्यांवर साठ टक्के कन्नड असावे असा नियम कायद्यात आणला. त्याआधी २०२२ मध्ये महाराष्ट्राने देवनागरीतील मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत असे ठरवले होते. दोन शेजारी राज्यांनी एकाच भीतीला दिलेली ही दोन उत्तरे आहेत: आपली भाषा आपल्याच पाटीवर दुय्यम होईल ही ती भीती. शहराच्या नावाचीही हीच कथा आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून इंग्रजीतील अधिकृत नाव 'मैसूरु' झाले, तर मराठीत ते पिढ्यान्‌पिढ्या 'म्हैसूर' आहे. मराठीतील हे रूप इंग्रजी नावाचे प्रतिबिंब नाही आणि कन्नड नावाचे विकृत रूपही नाही. दोन भाषक समाजांच्या जुन्या सहवासाने घडवलेले ते एक जावळे आहे.

८

जोडीच्या छायाचित्राची समीक्षा करताना तीन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. पहिला, जोडी जगाने लावली आहे की छायाचित्रकाराने? एका चौकटीत सापडलेल्या जोडीची जबाबदारी जगावर असते, दोन चौकटी शेजारी मांडणाऱ्याची जबाबदारी स्वतःवर असते. दुसरा, दोहोंतील फरक खोली निर्माण करण्याइतका आहे का? केवळ साम्यावर थांबलेले चित्र कुतूहल जागवते आणि विझते. तिसरा आणि सर्वांत अवघड, या जोडीत दुसरे कोण ठरले आणि ते कोणी ठरवले? हळदणकरांचे चित्र, धाकटे घड्याळ, हूटगळ्ळीतील दोन घरे यांनी हा तिसरा प्रश्न वेगवेगळ्या दिशांनी विचारला आहे.

मराठीच्या तौलनिक अभ्यासाला या प्रश्नाची विशेष गरज आहे. आपल्याकडे गौरव करण्याची एक जुनी रीत आहे. दादोबा पांडुरंग मराठी भाषेचे पाणिनी ठरतात, ग. दि. माडगूळकर आधुनिक वाल्मीकी ठरतात. गौरवाच्या हेतूने लावलेली ही जोडी गौरवलेल्या व्यक्तीला कायमचे दुसरे करते. दादोबांनी मराठीचे व्याकरण बांधताना इंग्रजी आणि संस्कृत अशा दोन व्याकरणपरंपरांच्या मध्ये कोणता मार्ग काढला, माडगूळकरांनी महाकाव्याला नभोवाणीच्या आठवडी वेळापत्रकात कसे बसवले, हे त्यांच्या स्वतःच्या कामाचे प्रश्न उपमेच्या तेजात दिसेनासे होतात. जगन्मोहन राजवाड्यातील दिव्याच्या चित्रापुढे जे घडते तेच येथे घडते. उजेड सर्वांना दिसतो आणि दिवा कोणी लावला ते विसरले जाते.

म्हणून तुलना सोडून द्यावी असा निष्कर्ष निघत नाही. एकाच डोळ्याने पाहणाऱ्याला खोलीचा हा लाभ पुरता मिळत नाही. दोन चित्रे हवीतच, मात्र त्यांतील एकाला दुसऱ्याची प्रत मानण्याची घाई टाळली पाहिजे. हूटगळ्ळीतील एका रांगेतील दोन घरांसमोर उभा राहून त्यांच्यातील फरक धीराने पाहणारा हौशी छायाचित्रकार आणि मराठी व कन्नड अशा दोन संहिता शेजारी ठेवून वाचणारा अभ्यासक हे एकाच कामाला लागलेले आहेत. त्या दोघांनाही साम्य अगदी सहज मिळते. कष्ट करावे लागतात ते फरक नीट पाहण्यासाठी.